नारिंगी रताळ्यांचं मूल्यमापन

डब्लिनच्या कडेला, ओंगारमध्ये राहणाऱ्या आमच्या मराठी मंडळींत सगळे आयटीवाले, नाहीतर औषध कंपन्यांतले. मी एकटीच शेतीवाली. पुण्यात कृषी पदवी, पदव्युत्तर, मग खेड्यापाड्यांतल्या योजनांवर काम. नवऱ्याला इथून जवळच, ब्लँचर्डस्टाउनला नोकरी लागली म्हणून २०१४मध्ये आम्ही इथे आलो, आणि वर्षभरात मला डब्लिनमधल्या एका मदतसंस्थेत काम मिळालं. आफ्रिकेतल्या शेतीच्या कार्यक्रमांची आखणी करायची आणि त्यांचा उपयोग झाला की नाही ते तपासायचं. गणपतीच्या जेवणात कुणीतरी हमखास विचारायचं, "म्हणजे आयर्लंडमध्ये बसून आफ्रिकेतली शेती?" मी म्हणायची, "हो, आणि अधूनमधून जाऊनसुद्धा."

त्यातला मलावीचा कार्यक्रम माझ्या विशेष जिव्हाळ्याचा. तिथल्या बायकांना आम्ही नारिंगी रताळ्याचे वेल लावायला दिले होते. या रताळ्यात अ जीवनसत्त्व भरपूर, लहान मुलांच्या डोळ्यांना चांगलं. तिथलं काम सांभाळणारी कृषितज्ज्ञ माझ्याच वयाची, फोनवर खळखळून हसणारी. आमची गट्टी जमली होती.

२०१७च्या हिवाळ्यात बाहेरच्या तज्ज्ञाचा अहवाल आला. त्याने कोरड्या महिन्यांत जाऊन शेतं पाहिली होती. बहुतेक शेतांत वेल जळून गेलेले. निष्कर्ष सरळ होता: कार्यक्रम फसला, बंद करावा.

मी तो अहवाल बसमध्ये वाचला, घरी येऊन पुन्हा वाचला. एका परिच्छेदात त्याने जाता जाता लिहिलं होतं की घराघरांत मुलं नारिंगी रताळी खाताना दिसली. मी तिथेच अडले. वेल मेले, तर रताळी येतात कुठून?

सकाळी मलावीला फोन लावला. ती आधीच पेटलेली होती. "तो आम्ही नोंदवलेल्या शेतांतच गेला. ती सगळी वरच्या अंगाला, माळावर. उन्हाळ्यात तिथे गवत जगत नाही! बायका वेल खाली ओढ्याच्या ओलीत नेऊन लावतात. मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, ते ठरलेल्या मोजमापात बसत नाही."

"मग मोजमाप बदलू या," मी म्हटलं.

आमचा साहेब आयर्लंडच्या दक्षिणेतल्या कॉर्कचा, शांत माणूस. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "युवर मॅनने, त्या तज्ज्ञाने, आयुष्यभर हेच काम केलंय. त्याला खोटं ठरवायचं?"

"त्याने पाहिलं ते खरंच आहे. पण शेत जगलं का, हा आपला प्रश्नच नाही. मुलांच्या ताटात रताळं आलं का, हा आहे. मला एक पावसाळा द्या."

त्याने अहवाल मिटून बाजूला ठेवला. "ग्रँड," म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'चालेल'. "एकच."

मी आणि मलावीतल्या मैत्रिणीने पाहणीची नव्याने आखणी केली. वेल कुठे आहेत यापेक्षा ते कुणाकडून आले आणि कुणाला दिले, हे विचारायचं ठरवलं. पाऊस पडला, लागवड झाली, तिची माणसं ओढ्याकाठाने गावोगाव फिरली. मग एक दिवस तिचा फोन आला, आणि ती हसत होती की रडत होती ते मला कळेना. वेल आम्ही न दिलेल्या गावांतही पोचले होते. लेकीने माहेरून नेले, बहिणीने बहिणीला दिले. मात्र डोंगरापलीकडच्या गावांना ओलीची जमीनच नव्हती, तिथे खरोखर काही उरलं नव्हतं. तेही आम्ही जसंच्या तसं लिहिलं.

निर्णयाची बैठक जूनमध्ये, डब्लिनला. मलावीहून ती स्वतः आली. निर्णय घेणाऱ्या समितीच्या अध्यक्षबाई जन्मभर गाई-म्हशींच्या, म्हणजे इथे नुसत्या गाईंच्याच, व्यवसायात मुरलेल्या. त्यांनी थेट विचारलं, "एखाद्या वर्षी ओढाच आटला तर?"

"प्रत्येक गावात विहिरीजवळ वेलांची रोपवाटिका," ती म्हणाली. "डोंगरापलीकडे सगळ्यात आधी."

"त्याची आखणी तयार आहे," मी कागद पुढे सरकवले.

आम्हाला बाहेर बसवलं. चहा गार झाला, आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून बसलेल्या. मग साहेब बाहेर आला, आणि हा माणूस एवढा हसू शकतो हे मला पहिल्यांदाच कळलं. कार्यक्रम बंद होणार नव्हता. तो शेजारच्या जिल्ह्यांतही जाणार होता, आमच्या आखणीनुसार, आमच्या मोजमापाने. पुढे त्या तज्ज्ञानेही मोकळेपणाने लिहून कळवलं की यापुढे तोही हेच प्रश्न विचारणार.

संध्याकाळी तिला ओंगारला जेवायला आणलं. लख्ख उजेड होता. इथल्या दुकानांत रताळी नारिंगीच मिळतात, त्यांचाच मी जिरं-मिरची-दाण्याचं कूट घालून कीस केला. तिने दोनदा घेतला. मग तिने फोन स्पीकरवर टाकून मलावीतल्या टीमला बातमी सांगितली.

पलीकडे बायकांनी तिकडच्या रीतीने जिभा हलवून, किंचाळत असा काही जल्लोष केला की माझं अख्खं स्वयंपाकघर दणाणलं. शेजारच्या आयरिश आजी कुंपणावरून डोकावल्या. नवरा कालथा हातात घेऊन तसाच उभा. आणि माझी लेक, जिला माझं काम नेमकं काय ते कधी कळलं नव्हतं, डोळे मोठे करून म्हणाली, "आई, दॅट्स डेडली! एकदम भारी! हे तू केलंस?"

"आम्ही केलं," मी म्हटलं, आणि मैत्रिणीबरोबर मीही जीभ हलवून ओरडायला लागले.