तीन हातांचा नवरा

उरणच्या बाजूला मिठागरं संपतात आणि कंटेनरच्या रांगा सुरू होतात, तिथे जुन्या शाळेत आमच्या गावाचं संग्रहालय आहे. बाहेरच्या खोलीत जमिनीतून निघालेल्या वस्तू: वीरगळ, खापरं, आणि मिठागरालगत तळं खोदताना वर आलेला काळा विष्णू. चार हातांपैकी एक कोपरापासून गायब. भंगलेली मूर्ती देवळात पुजत नाहीत, म्हणून गावाने देवाला इकडे धाडलं. आतली खोली आजच्या लोककलेची. तिथली एक भिंत मात्र कोरी होती. ती माझ्या आतेसाठी राखलेली.

आते धवलारीण. म्हणजे आमच्या आगरी लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी बाई. भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौकही तीच काढते. तिने बोट टेकवलं की भिंतीच्या अंगात आल्यासारखं होतं, हे मी लहानपणापासून तोंड उघडं टाकून बघत आलोय.

आतल्या खोलीचं उद्घाटन तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. संग्रहालय उभं करणारे चित्रकलेचे निवृत्त गुरुजी चार वर्षं त्या एका भिंतीची वाट बघत होते. आदल्या दिवशी सकाळी आते आली, भिंतीवरून हात फिरवला, आणि खुर्चीत बसली.

"नवरी कुठं हाय?"

"नवरी नाही हो, फक्त चौक," गुरुजी म्हणाले.

"लगनाबिगर चौक? मग पोराबिगर पालना पन हलवा!" आते उठायला लागली. "मोकला चौक काढला तं घरातलं लगीन अडतं. माझ्यानं नाय व्हनार."

गुरुजींचा चेहरा खापराच्या रंगाचा झाला. अशा वेळी गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. मी खोलीच्या मधोमध आलो, हात पसरले आणि घोषणा केली, "आते, नवरी दारात उभी आहे! आज तिचंच लग्न!"

आतेने दाराबाहेर पाहिलं. शाळा होती तेव्हापासूनची तुळस डब्यात डुलत होती.

"आनि नवरा?"

मी नाटकातल्या वरपित्याच्या थाटात तिला बाहेरच्या खोलीत नेलं आणि विष्णूकडे बोट दाखवलं. गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

आते मूर्तीभोवती फिरली. मुलीकडची बाई स्थळ बघते तशी.

"मेल्या, या नवऱ्याला हात कमी हाय."

"तीन आहेत की!"

"भंगलेला देव पुजत नाय, ठावं हाय ना?"

"पुजायचा कुठे आहे? लग्न लावायचंय."

मी हे चेष्टेत म्हणालो होतो, पण आतेने ते मनावर घेतलं. माझे आतोबा मिठागरावर होते. बांधावर ट्रक उलटला तेव्हा त्यांचा उजवा हात गेला. पुढे डाव्या हाताने त्यांनी मीठ ओढलं, पोरं वाढवली, आणि पत्त्यात मला लुबाडलं.

आतेने पदराने विष्णूच्या तुटक्या कोपरावरची धूळ पुसली.

"याचं चार व्हतं, तीन रायलं. माझ्या म्हाताऱ्याचं दोनच व्हतं, त्यानला येक गेला. तरी झालाच ना संसार?" मग गुरुजींकडे वळून दरडावली, "बघताव काय? पीठ भिजवा!"

दुपारभर ती धवले गात होती आणि बोटं भिंतीवर चालत होती. सूर्य आला, चंद्र आला, बाशिंगं आली. मग वरात आली, ती चक्क कंटेनरच्या ट्रेलरवरून! ड्रायव्हरच्या शेजारी वाजंत्री. "आता अशाच येतान," ती म्हणाली. वीरगळांवरही लढाया कोरणाऱ्याने आपल्या काळातली हत्यारंच कोरली असतील, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं.

संध्याकाळी तुळशीचं लग्न लागलं. विष्णूला मुंडावळ्या काय शोभल्या म्हणता! अक्षता टाकताना गुरुजी रडले, आणि मी वऱ्हाडी म्हणून तीन वेळा जेवलो.

उद्घाटनाला आलेले पाहुणे चौकापुढून हलेनात. चौकातल्या नवऱ्याला आतेने तीनच हात काढले होते. चौथा कुठे, म्हणून मी शोधत खाली वाकलो. अगदी तळाशी, मिठागराच्या पाण्यात, माशांच्या मधे एक हात काढलेला होता. बांगडा धरावा तसा मुठीत शंख धरून.

"तो तिथं हाय," आते मागून म्हणाली. "परत खनाल तवा नीट बघा."