धर्मीकाकीच्या वाट्याचा बांध

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढे हात जोडले तरी हे सोडून बाकीचं बोलायची. तुम्हाला सांगते, पण आधीच बजावते — माझी कीव करायची नाही. 'वय लहान होतं', 'अंगावर पोर होतं' असलं काही माझ्या वतीने बोलू नका. ते सगळं मी स्वतःला सांगून झालंय. त्याने काही होत नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी तळवलीत नवी सून. गावाच्या खाली भातशेती, तिच्यापलीकडे खाडी आणि मध्ये मातीचा बांध. उधाणाला खाडीचं पाणी शेतांपेक्षा उंच चढायचं. बांध फुटला की खारं पाणी आत, आणि मग भात विसरायचा. म्हणून बांधाचा एकेक तुकडा एकेका घराला वाटून दिलेला. पावसाआधी ओहोटीला खाडीत उतरायचं, चिखलाच्या ढेपा कापायच्या, डोक्यावर वाहून आपल्या तुकड्यावर थापायच्या. पण शहर होणार, जमिनी जाणार, अशा नोटिसा आल्या होत्या, आणि लोकांचा हात सैल पडला होता. जाणाऱ्या शेताला कोण माती लावतो?

लावायची ती एकटी धर्मीकाकी.

विधवा बाई. आमच्या शेजारचं घर, बांधावरही आमच्या शेजारचा तुकडा. जेठ महिना लागला की तिचं तांदूळ, सुकी मासळी, सरपण सगळं माळ्यावर. पेटी फळीवर चढवलेली. आढ्याला दोर बांधलेला, पाणी आलं तर धरायला. लोक हसायचे. माझी सासू मात्र दिवसातून दहा वेळा म्हणायची, "धर्मीकडं बघ. एकली बाय हाय, पन घर कसं तयार हाय."

मला त्या बाईचा राग होता. काही वाईट केलं होतं का तिने माझं? नाही. तिची तयारी मला टोचायची — एवढंच.

त्या वर्षी आमचे हे नव्या कंपनीत लागले, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. बांधाचं काम माझ्यावर आलं आणि मी आज-उद्या करत राहिले. शेवटी एका दुपारी टोपली घेऊन गेले, तर भरती सुरू झालेली. चिखल पाण्याखाली. पावसाचे ढग जमलेले. घरी रिकाम्या हाताने गेले तर सासू काय बोलणार, ते मला तोंडपाठ होतं.

आणि शेजारी धर्मीकाकीचा तुकडा. ताजा, ओला, जाडजूड.

सांगते. वळसे पुष्कळ झाले. मी तिच्या तुकड्यावरच्या ढेपा उचलल्या आणि आमच्यावर थापल्या. एक-दोन नाही — टोपल्या भरभरून. मग तिच्या तुकड्यावरून हात फिरवला, वरून गुळगुळीत दिसेल असा. मागितल्या असत्या तर तिने स्वतः आणून दिल्या असत्या. हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणूनच मागितल्या नाहीत.

श्रावणातल्या अमावास्येला उधाण आलं, वर मुसळधार पाऊस. भर दुपारी बांध फुटला. धर्मीकाकीच्याच तुकड्यावर. पाणी शेतांवरून गावाच्या खालच्या घरांकडे यायला लागलं. हे कामावर, सासू म्हातारी, कडेवर पोर. धर्मीकाकी धावत आली ती आमच्याकडे. आमच्या तांदळाच्या गोणी तिने माझ्याबरोबर माळ्यावर चढवल्या. तिच्या घरात चढवायचं काही उरलंच नव्हतं. फक्त गोठ्यात गाय बांधलेली होती. ती सोडायला गेली तोवर गाय बुडाली होती.

पाणी ओसरल्यावर देवळापुढे गावाची बैठक बसली. सगळ्यांचं भात गेलेलं, सगळे चिडलेले. बांध कुठे फुटला ते सगळ्यांनी पाहिलं होतं. धर्मीकाकी उभी राहिली.

"मी चिखल टाकला व्हता. माज्या हातानी टाकलाय."

कुणीतरी विचारलं, कुणी पाहिलंय का? आणि मी — मला कुणी नाव घेऊन विचारलंही नव्हतं हो — मी बायकांमधून बोलले, "मी गेलेली बांधावर. काकीचा तुकडा उघडाच व्हता."

गप्प बसता आलं नसतं का? आलं असतं. मी बोलले.

तिचा तुकडा काढून घेतला. त्याबरोबर उघाडीवर, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारावर, पडणाऱ्या मासळीतला तिचा वाटाही गेला. ती भांडली नाही. मला वाटलं, संपलं.

पुढच्या उन्हाळ्यात ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. बराच वेळ पोरीशी खेळत होती. मग हळूच म्हणाली, "पोरी, तू पायलंस ना? मी खरंच नव्हता टाकला का गो? मना तर टाकल्यावानी आठवतंय."

इथे मला सांगता आलं असतं. ओट्यावर आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "काकी, तू इसरलीस. दुसऱ्या वर्साचं आठवत आसल."

ती मान हलवत राहिली. "आसंल," म्हणाली.

बांध मी पोखरला, गाय माझ्यामुळे बुडाली, गावाचं भात गेलं — हे सगळं मी मोजलंय. पण त्या 'आसंल'पुढे ते काहीच नाही. त्यानंतर ती बाई आपल्या हातांवर विश्वास ठेवेना. चूल विझवली का, दार लावलं का, पुन्हा पुन्हा घरी जाऊन बघायची. माळ्यावर काय ठेवलंय ते शेजारणींना विचारायची. पोरं तिची नक्कल करायची. माझी मुलगीसुद्धा करायची, आणि मी तिला गप्प करत नसे.

ऐंशीनंतर जमिनी गेल्याच. बांधाकडे कुणी बघेना. लोक म्हणतील, शेतच उरलं नाही तर आता कशाला उकरतेस? उकरते. शेत सरकारने घेतलं. काकीचं डोकं मी घेतलं. त्याची नोटीस कुणी काढली नव्हती.

शेवटी तिचा भाचा तिला नेरूळला घेऊन गेला. तिथेच वारली. मी गेले होते. रडले — खोटं नाही, खरंच रडले. तिच्या भाच्याची बायको म्हणाली, "मावशी तुमचं नाव लई काढायची." बायकांनी मला धरलं, पाठीवरून हात फिरवला, तांब्याभर पाणी आणून दिलं.

मी ते प्याले.