पाणी कुठवर आलं

बोईसरला आमचा बायबलमधल्या स्तोत्रांचा अभ्यासवर्ग भरतो, त्या व्हरांड्यात केळव्याची एक मासळीवाली सावलीला बसते. बोलताना ती माणसांकडे नाही, पाटीतल्या माशांकडे बघते.

त्या रविवारी बुडणाऱ्या माणसाचं स्तोत्र होतं. हिब्रूत ‘नेफेश’ म्हणजे जीवही आणि गळाही. स्तोत्रात पाणी ‘नेफेश’पर्यंत चढतं; म्हणजे गळ्यापर्यंत की जिवापर्यंत, यावर माझं तीनपानी टिपण होतं. मी पहिलंच पान वाचत होतो, तोच तिनं ओला हात गळ्याशी धरला.

“सर, पानी हितवर आलं, की गला काय नि जीव काय, येकच. तुमी कदी बुडाला नाय वाटतं.”

वर्गानं माना डोलावल्या. माझ्या आठ वर्षांच्या हिब्रूला कधी डोलावल्या नव्हत्या.

पुढच्या रविवारी पालघरच्या वर्गात मी गळ्याशी हात धरून तेच सांगितलं. माना डोलल्या. हात मात्र कोरडा होता.