मांडवाखालची कादंबरी

"कोणी दिले तुम्हाला हे कागद? आप्पा, मी विचारतेय, कोणी दिले?"

द्राक्षबागेत उभी राहून मी ओरडत होते. माझा आवाज असा, की ओझरला उतरायला आलेलं विमान दचकून परत वर जावं. त्या दिवशी दिंडोरीतली निम्मी वाइन पिंपातच आंबट झाली असणार. पण ओरडताना मला आत काहीच होत नव्हतं. विहीर कोरडी आणि मोटार आपली चालूच, तसं.

माझे वडील, आप्पा, वेलींच्या मांडवाखाली स्टेपलर घेऊन घडांना कागद गुंडाळत होते. थंडीत मणी गुलाबी पडू नयेत म्हणून आमच्याकडे घड झाकतात. त्यासाठी दरवर्षी वर्तमानपत्रांची रद्दी आणतो. यंदा शेवटच्या ओळींना रद्दी कमी पडली, आणि आप्पांनी तिथे माझी कादंबरी लावली.

माझी म्हणजे दादाची. माझ्या मोठ्या भावाने नाशिकला इंग्रजीत एम. ए. केलं, तेव्हा ग्रंथालयातल्या एकुलत्या एका प्रतीवरून ती झेरॉक्स करून घेतली होती. विसाव्या शतकातली, समुद्रापलीकडच्या कुठल्याशा गावाची गोष्ट. त्या गावात मेलेली माणसं विसरलेली छत्री न्यायला परत येतात. समासात दादाच्या पेन्सिलीच्या नोंदी. मग त्याने घरी येऊन ही बाग लावली, आणि गेल्या गणपतीत तो डेंग्यूने गेला. त्याच कॉलेजात आता मी जादुई वास्तववाद शिकत होते. बाकी त्याचं सगळं मोबाइलमध्ये. हाताने लिहिलेलं एवढंच उरलं होतं. ते त्याच्या कपाटात, कपाटाला कुलूप, त्याची एकच किल्ली, ती माझ्या पर्समध्ये आणि पर्स माझ्यासोबत नाशिकला, हॉस्टेलवर.

"जाड कागद हाय," आप्पा म्हणाले. "दवानं फाटत नाय."

"त्याच्यावर दादाचं अक्षर आहे!"

"मग काढ. घड उघडा पडंल, एवढंच."

त्यांचा स्टेपलर थांबला नाही. अक्षर वाचवायचं तर दादाची द्राक्षं जाणार, आणि द्राक्षं वाचवायची तर दवाने पेन्सिल जाणार. मी एका घडाला हात घातला, पिन उचकटली, आणि परत दाबून बसवली.

मग मांडवाखाली पाठीवर पडून मी कादंबरी वाचली. जगात अशी वाचणारी मी पहिलीच. समुद्रापलीकडचे लोक माझा पुतळा उभारणार होते, पण मांडवाखाली झोपलेला पुतळा कुठे उभारायचा म्हणून अडलं. मोबाइलने फोटो काढत ओळीओळीने सरकत गेले. जे बाहेर दिसलं ते मी वाचलं, जे आत दुमडलं गेलं ते द्राक्षांनी. पानं कुठलीच कुठे. एका घडावर म्हातारा मेला, त्याचं दफनही झालं. पुढच्या वेलीवर तोच म्हातारा कॉफीत साखर कमी आहे म्हणून कुरकुरत होता. आता हा परत आला की पान आधीचं, कळायला मार्ग नाही. त्या घडावर दादाने लिहिलं होतं, 'इथे कोणीच कसं दचकत नाही?' मी ते वाचलं आणि पुढच्या घडाखाली सरकले. रडू येईल म्हणून थोडी थांबलेही होते. आलं नाही.

वर्गात मॅडम नेहमी म्हणायच्या, "अशक्य गोष्ट सांगताना आवाज चढवायचा नाही. भाजीचा भाव सांगावा तशी सांगायची. तुझं काय होतं, तू सांगता सांगता समोरच्याचं तोंड बघतेस. त्याला थाप म्हणतात."

सेमिनारच्या दिवशी मी बागेतल्या वाचनाची हकिगत सांगितली. एक अक्षर वाढवलं नाही. बहुधा जन्मात पहिल्यांदाच. अख्खा वर्ग हसला. मागून कोणीतरी ओरडलं, "ए, त्या द्राक्षांना पण एम. ए. देऊन टाका!" मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, "आज मात्र जमली हं." मी वाकून नमस्कार केला. टाळ्या पडल्या त्या दुसऱ्याच कोणाला पडाव्यात तशा ऐकू आल्या.

काढणीला घरी आले. मजुरांनी कागद सोडले. घड असे, की एकेकाला उचलायला क्रेन लागावी. आप्पा आणि मी कागद गोळा करत होतो. छापील अक्षरं होती तशी होती. समास मात्र पांढरे. कुठे पिनेचा गंज, कुठे औषधाचा डाग. मी प्रत्येक पान उन्हाकडे धरून बघितलं आणि एकावर एक ठेवलं. किल्ली तेव्हाही माझ्या पर्समध्येच होती, आणि कपाटाचं कुलूप धड होतं. ते मी आल्या आल्या बघितलं होतं.

"आप्पा," मी विचारलं. आवाज नाही चढवला. "हे कागद तुम्हाला कोणी दिले?"

आप्पांनी एक पिन काढून खिशात टाकली.

"रद्दी संपली तवा तुझ्या दादानंच काढून दिले."