पुठ्ठ्याच्या गाईचं वासरू

आमच्या बालवाडीत मी पुठ्ठ्याची गाय उभी केली, तिच्या पोटाखाली पांढऱ्या पाण्याने भरलेला रबरी हातमोजा बांधला, बोटांना बारीक भोकं पाडली आणि मुलांना म्हटलं, "चला, धार काढा."

शाळा सुरू झाल्यापासून कोपऱ्यात मुकाट बसणारी चिंगी उठली आणि गाईसमोर आडवी उभी राहिली. "बाई, आधी वासरू सोडा. नाहीतर ती पान्हा सोडत नाही."

वासरू मी केलंच नव्हतं. चिंगीने शेजारच्या बंड्याला रांगायला लावलं, मोज्याला ढुशा द्यायला लावल्या आणि मग ओढत नेऊन माझ्या खुर्चीपाशी बसवलं. कुणीही हसलं नाही. ती उकिडवी बसली आणि भांड्यात धार वाजू लागली.

'गाय आपल्याला दूध देते' हा तक्ता मी किती वर्षं भिंतीवर लावते आहे. त्या तक्त्यातही वासरू नाही. इतक्या पोरांना मी गाय शिकवली आणि गाईने दूध कुणासाठी आणलं, हे मला पाच वर्षांच्या पोरीने सांगावं. लाज वाटायला हवी होती, पण ऊर भरून आला होता.

"आता तुम्ही बसा," चिंगी म्हणाली. "भांडं गुडघ्यांत घट्ट धरा, बाई."

मी धरलं.