खंडेनवमीच्या पाटावर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर

तुमच्या गाडीच्या मागं कोण उभं असतं, याचा तुम्ही कधी विचार केलाय?

मी केला नव्हता. आणि मी तर पत्रकांच्या घरात वाढलेली मुलगी. टँकर आला नाही, की वडील पत्रक काढणार. वाचनालय बंद पडलं, की पत्रक. बाराखडीनंतर मी वाचलेला पहिला मोठा शब्द 'आवाहन' होता. त्यामुळं गेल्या वर्षी मी शहरातल्या धुरावर पत्रक काढलं, तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही.

त्याच सुमारास दादानं जुनी टर्बो गाडी घेतली. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो. धुराची वाट मोकळी केली की गाडी आणखी पळते. म्हणून दादानं त्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला. हा एक लोखंडी डबा. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी. इंजिनातला विषारी धूर तिच्यातून गेला की बराचसा निवळतो. डबा निघाल्यावर समोरचा पिवळा दिवा तक्रार करायला लागला, तर दादानं संगणक जोडून त्यालाही गप्प केलं. डबा पोत्यात बांधून दिवाणाखाली गेला.

आणि मी? मी टाळ्या वाजवल्या. दादानं गिअर बदलला की ती गाडी असं काही फुसकारायची की मला हसू आवरायचं नाही.

त्याच गाडीतून मी पत्रकं घेऊन क्रांती चौकात गेले. दादानं गाडी चालूच ठेवली होती. मागं थांबलेल्या रिक्षावाल्याला मी पत्रक दिलं. त्यानं ते नीट वाचलं, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "दीदी, लिखा तो भोत अच्छा है. पैले अपनी गाडी को पढाओ ना!"

शेजारचे दोघं-तिघं खो खो हसले. मी आमच्या गाडीच्या धुराच्या नळीपाशी गेले. डोळे चुरचुरले. उरलेला गठ्ठा छातीशी धरून मी सिटी बसनं घरी आले आणि जाहीर केलं, की डबा परत बसेपर्यंत एकही पत्रक वाटणार नाही. दसऱ्याला लोक गाड्या धुऊन हार घालतात, तेव्हा मोठं वाटप करायचं ठरलं होतं. आठच दिवस उरले होते.

"तुझ्या कागदासाठी मी गाडीचा जोर मारू का?" दादा म्हणाला.

"तुझ्या फुसकाऱ्यासाठी लोकांनी धूर खायचा का?"

आठवडाभर आम्ही आईमार्फत बोलत होतो. "त्याला सांग, चटणी दे."

खंडेनवमीला आईनं पाट मांडला. विळी, कात्री, दादाचे पाने, वडिलांची पेनं. मधोमध तो डबा, चिंचेनं घासलेला, हळदीकुंकू लावलेला.

"आई, ते भंगार हाये," दादा म्हणाला.

"मग पोत्यात जपून कशाला ठेवलंस?"

"गाडी विकताना परत लावावं लागतं ना."

आईनं डब्यावर झेंडूचं फूल ठेवलं. "म्हंजी दुसऱ्याला देताना लागतं, अन् आपल्याला नाय?"

वडील पेपरामागं हसले. दादानं गॅरेजच्या मिस्त्रीला फोन लावला, डबा आजच बसवायचा म्हणून. मिस्त्री ठाम होते, "आज नाय जमायचं. हत्यारं पुजलीत, आज हात नाय लावत. उद्या पहिलं काम तुमचंच."

दसऱ्याला सकाळी गॅरेजमध्ये त्यांनी पान्याला नमस्कार केला आणि डबा हातात घेतला. "ह्याला कुंकू कुणी लावलं?"

"आईनं."

"मग काय, लई मजबूत बसणार!"

डबा बसला. दादानं संगणक जोडून पिवळ्या दिव्याला पुन्हा बोलायची मुभा दिली. आता तक्रारच नव्हती, तो विझलेलाच राहिला. आम्ही वैजापूर रस्त्यावर चक्कर मारली. दादा कान देऊन ऐकत होता.

"कमी पळतीय का रे?" मी विचारलं.

"थोडी," तो म्हणाला. मग गिअर बदलून, "म्हंजी, मला म्हाईत हाये म्हणून वाटतंय बहुतेक."

परत येताना गाडी क्रांती चौकात थांबली. दादानं आधी इंजिन बंद केलं, मग गठ्ठ्यातला अर्धा भाग स्वतः उचलला आणि रिक्षांच्या रांगेकडं निघाला.

तुमच्या गाडीतूनही तो डबा निघाला असेल, घरात कुठं पोत्यात पडला असेल, तर या आठवड्यात तो बाहेर काढा आणि परत बसवून घ्या. गाडी जुनी घेतली असेल, तर मिस्त्रीला ती वर उचलायला सांगा, स्वतः खाली वाका आणि डबा जागेवर आहे का ते बघा.