पोपईचं जमवताना

लग्न होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच मी सासरच्या परसातल्या चार पोपया विधवा केल्या.

त्याचं असं झालं. मी अमरावतीची, आणि बीएस्सी. तेही वनस्पतिशास्त्र घेऊन! साठ-एकसष्टच्या सुमाराला अकोल्याच्या आमच्या आळीत बीएस्सी सून म्हणजे बघण्यासारखी गोष्ट होती. बायका विरजण मागायच्या निमित्तानं यायच्या आणि मला नीट न्याहाळून विरजण न घेताच परत जायच्या. मामंजी, म्हणजे माझे सासरे, वकील. पक्षकारालाही ते आधी सांगायचे, "आमच्या सूनबाईंना झाडांतलं सगळं कळतं." सासूबाई आतून म्हणायच्या, "अन् फोडणीतलं कधी कळणार?"

परसात पोपईची सहा झाडं होती. चारांना बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फळं. उरलेल्या दोघांना नुसते लांब देठांवर लोंबणाऱ्या फुलांचे झुपके, फळाचं नाव नाही. मी कमरेला पदर खोचला आणि माळ्याला, गणपतरावांना हाक मारली. गणपतराव मामंजींच्याच वयाचे. ती झाडं त्यांनीच लावलेली.

"हे दोन नर आहेत. उगीच पाणी पितात. तोडून टाका."

"काहून जी वैनी? उभे हायेत बिचारे, राहू द्या नं."

"गणपतराव, नराला फळ येतं का कधी?"

"नाई येत."

"मग?"

गणपतरावांनी एकदा मामंजींच्या खोलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कुऱ्हाड आणायला गेले. (परागसिंचन मी तीन वर्षं शिकले होते. त्याच्या आकृतीला मला दहापैकी दहा मिळाले होते. पण ते अमरावतीला!)

धरलेली फळं दिवाळीपर्यंत पुरली. नवीन मात्र एकही धरेना. फुलं यायची, पिवळी पडायची आणि टपाटप गळायची. आता हे काही नुसतं फळांचं दुःख नव्हतं. सासूबाईंना जेवणानंतर पोपईची एक फोड लागायचीच. ती मिळाली की त्यांचं पोट ठीक, आणि त्यांचं पोट ठीक तर घर ठीक. पौषात घराची जी दशा झाली ती सांगत नाही. मामंजी कोर्टात तासभर आधी जाऊन बसायला लागले एवढं सांगितलं तरी पुरे.

शेवटी एका दुपारी निकाल लागला. "पावसाळ्याआधी फळ धरलं तर ठीक," सासूबाई म्हणाल्या, "नाहीतर चारही झाडं तोडून मी तिथे शेवगा लावणार आहे. अन् मग या घरात बॉटनीचं नाव काढायचं नाही. बाकीच्या सुनांसारखं राहायचं."

बाकीच्या सुनांसारखं! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. स्वयंपाकात मी कच्ची, शिवण येत नाही, गळा नाही. बॉटनी गेली तर माझ्याजवळ राहिलं काय?

गणपतरावांनी सगळी आळी पालथी घातली. एक नर मिळाला नाही. मग मला माझ्या माहेरचा, धुण्याच्या दगडाजवळचा नर आठवला आणि मी बाबांना पत्र लिहिलं. बाबा भाबडे. ओल्या फडक्यात फुलांचे झुपके गुंडाळून, ते डब्यात घालून, बडनेऱ्याला गाडी बदलून चैत्रातल्या भर उन्हात अकोल्याला हजर! गाडीच्या डब्यात कोणी म्हणे विचारलं, "गजरे कोणासाठी हो काका?" बाबांनी खरं ते सांगितलं, "व्याह्यांच्या झाडांसाठी." त्यानंतर शेजारचे दोघे उठून दुसऱ्या बाकावर गेले.

"आता फूल घ्या अन् त्या फुलावर चोळा. झालं," गणपतराव म्हणाले.

"असं नसतं ते! त्याला पद्धत असते." मी शास्त्रशुद्ध मार्गानं जायचं ठरवलं. झुपके कागदावर पसरले, झटकले, मलमलीतून चाळले. तासाभराच्या खटपटीनंतर हाती आली पिवळसर भुकटी, मोजून दोन चिमट्या! ती कोरडी राहायला हवी. घट्ट झाकणाची चांदीची एक छोटी डबी फडताळात रिकामी दिसली. तिच्यात भुकटी ठेवली, उरलेली फुलं उकिरड्यावर फेकली आणि बाबांना पोचवायला स्टेशनवर गेले. सकाळी फुलं ताजी उमलली की ब्रशनं काम करायचं, असा बेत.

त्या संध्याकाळी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. मी स्टेशनवरून परतले तेव्हा बायका आंब्याची डाळ आणि पन्हं संपवून निघत होत्या. सासूबाईंनी मला राहिलेली भांडी दाखवली. कपाळं कोण बघतंय!

सकाळी मी ब्रश घेऊन डबी उघडली आणि चकित झाले. डबी काठोकाठ भरलेली! रात्रीत पराग एवढे फुगतात हे कोणत्याच पुस्तकात नव्हतं. मला वाटलं, अकोल्याची हवा! मी उत्साहानं पुढच्या तीन झाडांची हाताला येतील तेवढी सगळी फुलं रंगवून काढली. विहिरीजवळच्या चौथ्या झाडाला स्टुलावरूनही हात पुरेना, म्हणून ते सोडलं.

"काय करून राहिलीस?" मागून सासूबाई. "अन् ती हळदीची डबी बाहेर काहून आणली?"

"हळदीची?"

"तर! काल पाहिली तर तळाशी दोन चिमटी हळद. म्हटलं, एवढ्यात कोणाचं होते? मग वरून भरून घेतली."

माझ्या हातातला ब्रश खाली पडला. गणपतराव हळदीनं माखलेल्या फुलांकडे पाहत शांतपणे म्हणाले, "वैनी, आता कुकूबी लावून टाका."

खरं सांगायची तेव्हाच वेळ होती. पण मी घाबरले. आळीतल्या बारा सवाष्णींच्या कपाळी माझ्यामुळे काय लागलं होतं, हे कोणत्या तोंडानं सांगणार? तेवढ्यात कुंपणापलीकडून देशमुखकाकूंनी विचारलं, "सूनबाई, झाडाले हळद कायची लावली वं?" मी खाली वाकून ब्रश शोधायला लागले. शेवटी सासूबाईंनी घराची अब्रू राखली. "व्रत आहे तिचं," त्या म्हणाल्या.

बस्स! दुसऱ्या दिवशी देशमुखकाकू तांब्या घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी पाच बायका. मंगळवारी बाराच्या बारा! कोणाच्या लेकीला मूल नव्हतं, कोणाच्या सुनेला मुलीच होत्या. बीएस्सी सूनच करते म्हटल्यावर व्रत पक्कंच असणार! हळद, कुंकू, बुंध्याला सूत, आणि प्रत्येकीचं तांब्याभर पाणी बुडात.

"वैनी," गणपतराव रडकुंडीला आले, "पोपईच्या बुडात पानी साचलं का झाड सडते. चार दिवस असंच चाललं तर तोडाची गरजच नाई पडत!"

मी पाहिलं तर आळ्यात चिखल, आणि खालची पानं माना टाकलेली. आता फळ राहिलं बाजूला, झाडंच जायची वेळ आली! मी मधे जाऊन उभी राहिले आणि डोळे मिटून ओरडले, "थांबा! हे व्रत नाही! त्या दिवशी तुमच्या कपाळाला लावली ना, त्या हळदीत पोपईचे पराग होते!"

"पराग म्हंजे काय वं?" देशमुखकाकूंनी विचारलं.

"नर फुलातली भुकटी. तिच्यानं... फळ धरतं."

बारा हात बारा कपाळांवर गेले. देशमुखकाकूंना चार मुलगे, दोन मुली. त्यांचा तांब्या खाली पडला. "अवो माय! म्हंजे आता या वयात मले सातवं?"

मला रडू फुटलं. सासूबाईंना मात्र हसू फुटलं. त्या हसत हसत विहिरीच्या काठावरच बसल्या आणि पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आधी सांगायचं नाही का गं? मी दोन चिमटी जपून ठेवली असती!" बायका आपापले तांबे घेऊन परतल्या. पुढे महिनाभर त्या आमच्याकडचं हळदीकुंकू लावून घेण्याआधी डबीचा वास घ्यायच्या.

ज्येष्ठ सरता सरता विहिरीजवळच्या झाडाला फळं धरली. चांगली आठ-नऊ! बाकीच्या तिघांवर एकही नाही. मी ज्या झाडाला हातही लावला नव्हता, नेमकं तेच! मामंजींनी पक्षकाराला तसंच ठेवून मला बोलावलं आणि यामागचं शास्त्र विचारलं. मी वाऱ्याबद्दल, पतंगांबद्दल बरंच काही बोलले. गणपतराव खुरपं पुसत ऐकत होते.

"वारा नाई जी," ते म्हणाले, "तुमी फुलं फेकले नं उकिरड्यावर, ते मी उचलले. शिडी लावली अन् चोळले."

शेवगा टळला. निकाल माझ्या बाजूनं लागला, जिंकले मात्र गणपतराव. नवरात्राच्या आधी पहिली पोपई पिवळी झाली. सासूबाईंनी विळीवर चिरली. आत लालबुंद गर, बिया काळ्या मोत्यांसारख्या. पहिली फोड गणपतरावांना, दुसरी मामंजींना, तिसरी त्यांनी स्वतःच्या तोंडात घातली आणि डोळे मिटले. दहा महिन्यांनी! ताटली देशमुखकाकूंपर्यंत जाऊन आली. शेवटची फोड उरली. मी हात पुढे केला.

सासूबाईंनी ताटली मागे घेतली.

"तुला नाही."

"का?"

"तिसरा महिना लागलाय ना? दिवस गेलेल्या बाईनं पोपई खायची नसते. एवढी बीएस्सी झालीस, अन् हे नाही शिकवलं?"

ती फोड त्यांनीच खाल्ली. आळीत सगळे म्हणाले, पोपई साखरेसारखी गोड होती. असेल बुवा! मी सालं गोळा करून उकिरड्यावर टाकून आले.